दिवसभर पायात राहतील असे देखणे बूट कसे निवडावेत

आईच्या कपाटात तिच्या लाडक्या काळ्या बुटांचा एक जोड आहे. निमुळत्या टोकाचे, नाजूक शिवणीचे, दिसायला खरोखर सुरेख. पण दोन तासांवर ते तिच्या पायात राहत नाहीत. "नंबर बरोबर आहे गं, माझे पायच तसले," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली. एका संध्याकाळी मी तिला कोऱ्या कागदावर उभं केलं, पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारली आणि त्या आकृतीवर तिचा बूट ठेवला. लांबी नेमकी होती. पण करंगळी पूर्ण आणि तिच्या शेजारचं बोट निम्मं, बुटाच्या कडेबाहेर उघडं पडलं होतं. आई बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी ही बोटं आत कोंबत होते."

त्या कागदामुळे माझी बूट घेण्याची पद्धतच बदलली. आपण सगळे सुरुवात डोळ्यांपासून करतो. बूट आवडतो, मग नंबर मागतो, पायात घालून चार पावलं टाकतो आणि घेऊन येतो. हा क्रम उलटा करायचा. आधी आपला पाय समजून घ्यायचा, मग बूट हातात घेऊन तपासायचा, मग पायात घालायचा, आणि या तिन्हींतून जे जोड उरतील त्यांतून डोळ्यांना निवडू द्यायचं. यात डोळ्यांवर अन्याय होत नाही. बुटाचा आधार टाचेच्या आत, सोलच्या पोटात, कमानीखाली दडलेला असतो; त्याचं रूप वरच्या रेषेत, रंगात, चामड्याच्या पोतात असतं. या दोघांची टक्कर मुख्यतः दोनच जागी होते, बोटांपाशी आणि टाचेच्या उंचीत. तेवढ्या दोन जागा सांभाळल्या की देखणा आणि सुखाचा असा दोन्ही एकाच जोडात मिळतो.

पायाचं माप, उभं राहून

एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांना जोडणारे ३३ सांधे एकेका पावलात आहेत. अंगाचा भार पडला की ही सगळी रचना पसरते, कमान किंचित खाली बसते आणि पाऊल लांबीलाही वाढतं, रुंदीलाही. म्हणून बसून घेतलेलं माप उपयोगाचं नाही. दिवसभराच्या चालण्याने, उभं राहण्याने पाय थोडे सुजतात, त्यामुळे माप संध्याकाळी घ्यावं. जे मोजे त्या बुटात घालणार तेच मापाच्या वेळी घालावेत.

कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. रेघ दुसऱ्या कुणाला तरी मारू द्या, कारण आपण स्वतः वाकलो की भार सरकतो आणि आकृती चुकते. पेन्सिल कागदाला काटकोनात हवी. ती तिरपी होऊन पावलाखाली शिरली की पाय आहे त्यापेक्षा बारीक दिसतो. मग भिंतीपासून सर्वांत पुढच्या बोटापर्यंतचं अंतर मोजा. ते बोट अंगठाच असेल असं धरू नका. कित्येकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, आणि अंगठ्यावरून घेतलेल्या मापामुळे ते बिचारं बोट जन्मभर वाकून राहतं.

रुंदी चवड्यावर मोजायची, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून करंगळीच्या मुळाच्या सांध्यापर्यंत. त्याच जागी शिंप्याची टेप गुंडाळून घेरही टिपून ठेवा. दोन्ही पायांची मापं वेगळी येतील, बहुतेकांची येतात. फरक काही मिलिमीटरचा असला तरी बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. लहान पाय जाडसर पायमोजा किंवा पातळ इनसोल, म्हणजे बुटाच्या आतला तळाचा थर, घालून सांभाळता येतो, मोठ्या पायाला मात्र जागा कुठूनही आणता येत नाही.

आणखी एक माप आहे, जे घरी फारसं कुणी घेत नाही. टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी. समजा दोघांचेही पाय २५ सेंटीमीटर लांब आहेत, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड. दोघांना एकच बूट दिला, तर तो एकाच्या पायात योग्य जागी वाकेल आणि दुसऱ्याच्या पायात बोटांच्या मधोमध. बूट जिथे वाकतो आणि पाऊल जिथे वाकतं त्या दोन जागा जुळल्या नाहीत तर दिवसाअखेर तळवे ठणकतात आणि कारण सापडत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाय मोजण्याचं जे धातूचं उपकरण तयार केलं, त्यात एकूण लांबी आणि रुंदीच्या जोडीला हे तिसरं मापही घेण्याची सोय होती. बुटांच्या दुकानांत ते अजून दिसतं. दिसलं तर आवर्जून त्यावर उभे राहा.

कमानीची कल्पना यावी म्हणून ओल्या पावलाचा ठसा कोरड्या फरशीवर उमटवून बघतात. ठशाचा मधला भाग पूर्ण भरलेला दिसला तर कमान सपाट, अगदी चिंचोळी पट्टी दिसली तर उंच. हा फक्त अंदाज समजा. सपाट तळवा म्हणजे आजार असं मुळीच नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान उठून दिसत असेल आणि काही दुखत नसेल, तर त्या पायाला खास बुटाची गरज पडतेच असं नाही. उंच कमानीच्या पायाला मात्र दोन अडचणी हमखास येतात: बुटाची वरची बाजू पावलावर दाबते, आणि भार टाच नि चवडा या दोनच जागी गोळा होतो. अशांनी नाड्यांचे बूट आणि थोडा मऊ तळ बघावा.

हे माप एकदा घेऊन भागत नाही. वयाबरोबर पावलाचे बंध सैलावतात, पाय पसरतो. गरोदरपणात वाढलेलं माप कित्येकींचं नंतरही तसंच राहतं. वर्षातून एकदा नवा कागद घ्या.

नंबर कशाचा असतो

बुटावरचा आकडा बहुतेक वेळा पायाचा नसतोच. बूट ज्या साच्यावर बेततात, ज्याला कारागीर कलबूत म्हणतात, त्याच्या लांबीवरून तो आलेला असतो. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक-तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिलिमीटर. दोन्ही मोजपट्ट्यांच्या खुणाच एकमेकींवर बसत नाहीत, त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत नेलेला नंबर अर्ध्या नंबराने इकडेतिकडे होणारच. शिवाय कलबुतात बोटांपुढे किती जागा सोडायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. मिलिमीटरमध्ये थेट पायाची लांबी सांगणारी मोंडोपॉइंट नावाचीही एक पद्धत आहे. त्यात २५५ म्हणजे २५५ मिलिमीटरचा पाय. मला ती सर्वांत सरळ वाटते. खोक्यावर किंवा बुटाच्या जिभेमागे सेंटीमीटरचा आकडा छापला असेल तर इतर सगळे नंबर सोडून आधी तो वाचा.

"मला सातच लागतो" हे वाक्य मनातून काढून टाकलं की निम्मं काम झालं. एखाद्या घडणीत सात लागेल, एखादीत साडेआठ. मोठा नंबर मागायला संकोचणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, विशेषतः बायका. नंबर सोलखाली असतो, कुणालाही दिसत नाही. चाल मात्र दिसते.

आता बूट हातात घ्या

पायात घालण्याआधी दोन मिनिटं बूट नुसता हाताळा. या दोन मिनिटांत निम्मे जोड बाद होतात.

पहिली जागा टाचेची. मागचा भाग अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दोन्ही बाजूंनी दाबा. आत पुठ्ठ्यासारखा किंवा प्लास्टिकचा कडक कप असतो, त्याला हील काउंटर म्हणतात. तो बोटांना घट्ट लागला पाहिजे. सहज चेपला जात असेल, तर तो बूट टाचेला धरून ठेवणार नाही, प्रत्येक पावलाला टाच आत डुलत राहील. पण काउंटरची वरची कड मऊ हवी, नाहीतर टाचेच्या वरची शीर सोलवटते.

मग टोक आणि टाच दोन हातांत धरून बूट वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, पावलाची बोटं सुरू होतात तिथे. मधोमध दुमडला तर कमानीखाली काहीच आधार नाही, आणि कुठेच वाकत नसेल तर चालताना टाच बुटातून वर निसटत राहील. एखादा सोल पुढून होडीच्या नाळेसारखा वर उचललेला असतो. तो कमी वाकला तरी चालतो, कारण पाऊल त्यावरून पुढे घरंगळतं. त्यानंतर ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळून बघा. थोडा वळावा, पण चिंधीसारखा वळू नये. चामड्याच्या बारीक बुटांत हा कणा शँक नावाची पट्टी देते. ती पोलादाची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असते आणि टाच ते चवडा या पुलाखाली बसवलेली असते. साल्वातोरे फेरागामो या इटालियन कारागिराने अमेरिकेत शरीररचनेचा अभ्यास केला आणि कमानीखाली पोलादी पट्टी देऊन हलके, नाजूक बूट घडवले. पुढे १९३० च्या दशकात पोलाद मिळेनासं झालं तेव्हा त्याने बुचाच्या लाकडाचा अखंड उतरता तळ वापरला, तोच आजचा वेज. फॅशनमधला एवढा मोठा माणूस सगळ्यात आधी कमानीचा विचार करत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिसरी तपासणी आत हात घालून. बोटं फिरवून शिवणी, सांधे, गोंदाचे खडे, अस्तराच्या सुरकुत्या चाचपा. हाताला जे किंचित टोचतं ते दहा हजार पावलांनंतर पायाला फोड आणतं. इनसोल सुटा असेल तर बाहेर काढा आणि त्यावर मोजे घालून उभे राहा. माझ्या मते ही सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. पाऊल कडेबाहेर ओघळत असेल तर बूट अरुंद, मग तो कितीही आवडलेला असो. सर्वांत पुढच्या बोटापुढे साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसायला हवी.

तळ किती मऊ असावा याबद्दल फार गैरसमज आहे. अंगठ्याने दाबल्यावर खोल खड्डा पडतो असा तळ दुकानात स्वर्गीय वाटतो. पण त्यावर उभं राहिलं की पाऊल प्रत्येक क्षणी तोल सावरत असतं, आणि संध्याकाळी घोटे नि पोटऱ्या थकतात. वर थोडा मऊ थर आणि त्याखाली घट्ट तळ, अशी रचना दिवसभराच्या वापराला बरी. ईव्हीए हा हलका फोम पटकन सुखावतो, पण वापराने चेपून बसतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन हा दुसरा फोम, जड असतो आणि आकार जास्त टिकवतो. मात्र दमट हवेत कित्येक वर्षं नुसता पडून राहिला तर भुगा होतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा सोल पहिल्याच दिवशी गळून पडतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. जमिनीला लागणारा थर रबराचा आणि खाचांचा असावा. गुळगुळीत चामडी सोल ओल्या फरशीवर घसरतो.

पायात घातल्यावर

दोन्ही बूट घाला, नाड्या नीट बांधा आणि उभे राहा. बसल्या बसल्या काहीच ठरवू नका. उभं राहून टोकापाशी अंगठा दाबून पुढची जागा तपासा. सगळी बोटं आत हलवता, थोडी पसरता आली पाहिजेत. चवड्याच्या कडेला बुटाचं चामडं चिमटीत धरायचा प्रयत्न करा. किंचित चिमूट आली तर रुंदी ठीक. ताणून तुकतुकीत दिसत असेल आणि करंगळीचा उंचवटा बाहेरून जाणवत असेल तर बूट परत ठेवा. मग निदान दहा मिनिटं चाला. कडक जमिनीवर चाला, गालिचावर सगळेच बूट चांगले वाटतात. जिना असेल तर चढून उतरा. चढताना टाच सुटते का ते कळतं, उतरताना बोटं पुढे आपटतात का ते कळतं.

आणि कुणी "वापरून वापरून सैल होईल" म्हणालं तर तो जोड तिथेच ठेवा. हे मी मोल देऊन शिकले आहे. एका दुकानात मला हेच सांगण्यात आलं, मीही बुटाच्या रंगावर भाळले होते, आणि तीन आठवड्यांत अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, हे खरं. लांबीला ते वाढत नाही, आणि कृत्रिम कापड तर बहुधा कुठेच वाढत नाही. कडक चामडं मऊ पडायला चारदोन दिवस लागू शकतात. दुखणं मात्र पहिल्या मिनिटालाही नको.

१९२० ते १९५० च्या दशकांत काही देशांतल्या बुटांच्या दुकानांत चक्क क्ष-किरण यंत्रं असायची. त्यात पाय घालून गिऱ्हाइकाला बुटातली आपली हाडं दिसायची. किरणांच्या धोक्यामुळे ती बंद झाली. पण धोका बाजूला ठेवला तरी त्या चित्रातून बूट सुखाचा आहे की नाही हे कळणं शक्य नव्हतं, कारण दाब मांसाला आणि कातडीला जाणवतो. कॅल्गरी विद्यापीठातल्या बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये धावण्याच्या बुटांबद्दल असाच विचार मांडला: पायाच्या प्रकाराचे तक्ते बघून बूट ठरवण्यापेक्षा, घातल्यावर सुखाचा वाटणारा बूट माणसाने निवडावा, कारण शरीर आपली चाल आपण ओळखतं. रोजच्या बुटांनाही मी हाच निकष लावते. चार जोडांपैकी कुठला घातल्यावर पायाकडे लक्षच जात नाही, तो वेगळा काढायचा.

रूप कुठून येतं

आता डोळ्यांची पाळी. आधी टोक. निमुळतं टोक म्हणजे बोटं आवळणारच असं नाही. प्रश्न इतकाच की निमुळतेपणा कुठे सुरू होतो. चांगल्या घडणीत तो बोटं संपल्यावर सुरू होतो, आणि पुढचं टोक रिकामं राहतं. बदामाच्या आकाराचं किंचित लांब टोक या युक्तीने पायाला सडपातळ दाखवतं आणि करंगळीला धक्का लावत नाही. असा बूट आपल्या आकृतीच्या कागदावर ठेवला की टोक बोटांच्या पुढे गेलेलं दिसतं. टोकाची उंचीही बघा. वरून चपटं टोक अंगठ्याच्या नखावर घासतं. आईने नंतर जो जोड घेतला तो याच घडणीचा आहे, गडद तपकिरी, बदामी टोकाचा. तिने तो कागद कापून घडी करून पर्समध्ये नेला होता आणि प्रत्येक बूट त्यावर ठेवून पाहिला.

मग टाच. उंची वाढते तसा भार चवड्याकडे सरकतो, हे कुठलीही घडण पूर्ण टाळू शकत नाही. रोजच्या वापराला दोन ते तीन सेंटीमीटर उंची बहुतेकांना सोसते, आणि त्यापेक्षाही टाचेची रुंदी महत्त्वाची. रुंद, चौकोनी टाच टेबलाच्या पायासारखी स्थिर असते. वेजमध्ये टाच उंच असली तरी पुढचा तळही जाड असतो, त्यामुळे खरी चढण दोन्हींच्या फरकाएवढीच राहते. अगदी सपाट, पातळ तळ हाही सगळ्यांना सुखाचा नसतो. सवय नसलेल्या पायाला तो पोटरीतून जाणवतो.

बाकीचं रूप पायाला न दुखवता हवं तेवढं मिळतं. जाड सोल बोजड वाटतो म्हणून कितीजण आधाराचे बूट टाळतात. पण सोल आणि वरचा भाग एकाच रंगाचा असेल तर जाडी डोळ्यात भरत नाही. गडद बुटाला पांढरा जाड सोल असला की नजर थेट तिथेच जाते. बुटाची वरची कड घोट्याच्या हाडाखाली नीट उतरलेली असेल तर पाय लांब दिसतो, आणि घासतही नाही. शिवण जितकी कमी नि सरळ तितका बूट शांत दिसतो. मोठाले शिक्के, चमकत्या पट्ट्या, तीन-चार रंग यांनी बूट व्यायामशाळेतला वाटायला लागतो. तोच साचा एकरंगी मॅट चामड्यात कार्यालयातही शोभतो. कपड्यांचाही विचार करा. पायघोळ, रुंद पायांच्या विजारीखाली जाड सोल समतोल दिसतो, निमुळत्या विजारीखाली तोच मोठा वाटतो. एकच जोड घ्यायचा असेल तर काळा घेण्याआधी गडद तपकिरी किंवा निळसर राखाडी एकदा कपड्यांना लावून बघा. हे रंग जास्त गोष्टींशी जुळतात आणि धूळही कमी दाखवतात.

प्रकारांबद्दल थोडक्यात. नाड्यांच्या बुटांत डर्बीची नाड्यांची पाखं सुटी असतात, त्यामुळे उंच पावलाला आणि संध्याकाळी सुजणाऱ्या पायाला ती सैल करता येतात. ऑक्सफर्डची खाली शिवलेली असतात, तो देखणा पण कमी मनमोकळा. लोफरला बांधायला काही नसतं, म्हणून तो सुरुवातीला पावलाला बेताचा आवळ बसावा, बोटांना मात्र मोकळा. बॅलेरिना, म्हणजे बॅले नर्तकीच्या बुटासारखी सपाट, उघड्या गळ्याची घडण, बहुधा पातळ आणि बिनकण्याची असते. तेच रूप हवं असेल तर पावलावर पट्टा असलेली मेरी जेन घ्या, कारण पट्टा नसला की बोटं आखडून बूट धरून ठेवावा लागतो. चामडी पांढरे स्नीकर सगळ्यावर चालतात, फक्त वाकवून जरूर बघा, काहींचा सोल फळीसारखा असतो. सँडलला मागे पट्टा हवाच.

घरबसल्या मागवताना

आपला कागद, सेंटीमीटरमधलं माप आणि घेर समोर ठेवा. त्या कंपनीचा त्या बुटाचा तक्ता बघा, सगळ्यांचा मिळून एक तक्ता नसतो. अभिप्राय वाचताना "छान आहे" सोडून द्या आणि "बोटांपाशी आवळ", "टाच सुटते", "अर्धा नंबर मोठा घ्या" असे शब्द शोधा. परत करण्याची अट आधी वाचा. बूट आल्यावर संध्याकाळी, मोजे घालून, घरातच स्वच्छ फरशीवर तासभर वापरा. सोल मळला की परत घेताना वाद होतात.

नाड्या, इनसोल, मोजे

चांगला बूट कुठे थोडासा नीट बसत नसेल तर नाड्यांनी पुष्कळ सुधारतो. पावलाच्या वर एका जागी दाब येत असेल तर तिथल्या भोकांमध्ये नाडी फुलीत न नेता त्याच बाजूने सरळ वर न्या, दाब जातो. टाच सुटत असेल आणि वर आणखी एक भोक रिकामं असेल, तर दोन्ही बाजूंना त्यातून नाडी ओवून छोटा फास ठेवा, समोरची नाडी त्या फासातून काढा आणि मग बांधा. टाच जागच्या जागी बसते. नाड्या न सोडता बूट चढवण्याची सवय मात्र सोडा. तिने हील काउंटर मोडतो, आणि तो मोडला की बुटाचा आधार गेला. टाच आत सरकवायची पट्टी, म्हणजे शूहॉर्न, वापरा.

वेगळा इनसोल घालायचा तर आधीचा काढून घाला. एकावर एक थर चढवले की टाच वर येते आणि काउंटरच्या पकडीबाहेर जाते. मोज्यांत निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओल्या कातडीला फोड लवकर येतात. घाम येणाऱ्यांनी लोकरीच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाचे बघावेत.

झीज वाचायला शिका

रोज एकच जोड घालू नका. दिवसभराचा घाम बुटात मुरतो, त्याला सुकायला एक दिवस द्या. दोन जोड आलटून पालटून वापरले की दोन्ही जास्त टिकतात. भिजलेला बूट हीटरपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. आत कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवा, बोळे ओले झाले की बदला.

महिन्यातून एकदा दोन्ही बूट टेबलावर नजरेच्या पातळीत, पाठमोरे ठेवून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असणं साहजिक आहे, बहुतेकांचं पाऊल तिथूनच टेकतं. पण बूट आत किंवा बाहेर कलून उभा राहत असेल, फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, किंवा खाचा सपाट झाल्या असतील, तर वरून कितीही नवा दिसो, त्याचं काम संपलं. शिवलेल्या सोलचा बूट असेल तर सोल बदलून घ्या, वरचा भाग आपल्या पायाच्या वळणाचा झालेला असतो.

काही दुखणी बुटाच्या पलीकडची असतात. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येणं, अंगठ्याच्या मुळाशी वाढत जाणारी गाठ, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा यांवर नुसता बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर जास्तच जपा. पायाची संवेदना कमी झालेली असली तर बूट लागतोय हेच कळत नाही, म्हणून घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवून खडा, घडी, खिळा नाही ना हे पाहावं, आणि रात्री दोन्ही तळवे उजेडात तपासावेत. डॉक्टरांकडे जाताना रोजच्या वापरातला जुना जोड, न पुसता, बरोबर न्या. आपण कसं चालतो हे त्याच्या सोलवर लिहिलेलं असतं.